अठ्ठेचाळीस आकडे

मेहकरहून जुन्या मुंबई-नागपूर रस्त्याने सिंदखेडराजाकडे निघालं की सुलतानपूर लागतं. लोणारकडे जाणारा रस्ता इथूनच फुटतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे वळल्या. पण सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीएम किसानचं ई-केवायसी यांसाठी येणाऱ्या माणसांना महामार्गाचं काय? ती सकाळी दुकान उघडायच्या आधीच मामांच्या सेवा केंद्रापुढच्या बाकड्यावर येऊन बसतात. मामा खरं तर एका मुलीचे मामा, पण आता सारा फाटा त्यांना मामाच म्हणतो.

मी फेरफाराच्या उताऱ्यासाठी गेलो त्या दिवशी बाकडं भरलेलं होतं आणि आत काम बंद होतं. दुकानात दोन लॅपटॉप. नव्यावर नेहमीचे अर्ज भरले जातात. जुना २०१५चा, त्यात दहा वर्षांचे कागद. त्याची बॅटरी केव्हाच बसलेली, तो थेट विजेवर चालायचा. रात्री अपडेट सुरू असताना लाईन गेली. सकाळपासून पडद्यावर ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ उमटायचं, थोडा वेळ ठिपके फिरायचे आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून तेच करायचं.

“मेकॅनिकले फोन लावला होता,” मामा म्हणाले. “तो म्हणते, फॉरमॅट मारा लागते.”

भाची इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीवर आली होती. “मामा, फॉरमॅट नका करू. आत काय शिल्लक आहे ते आधी बघू तरी द्या.”

“ते सुरूच होत नाही तं पाहशीन कशातून?”

“पेनड्राइव्हवरून सुरू करते.”

पुढचे दोन-तीन तास मी तिथून हललो नाही. माझा उतारा राहिला, पण त्या दोघांत जे बोलणं झालं ते लिहून ठेवावं असं मला तेव्हाच वाटलं. लॅपटॉप घेताना आपण नेमकं काय विकत घेतो, हा प्रश्न इतक्या सरळपणे मी आधी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

मामांना उलगडा झाल्याशिवाय ते मशीनला हात लावू देत नाहीत. भाचीने एका रद्द अर्जाची मागची बाजू घेतली. बटण दाबल्यावर आधी जागा होतो तो मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्राम. विंडोजचा अजून पत्ताही नसतो. तो मेमरी, कीबोर्ड, पडदा तपासतो आणि मग एक यादी बघतो : पुढचं काम कुणाकडे सोपवायचं? यादीत पहिलं नाव बहुतेक वेळा आतल्या डिस्कचं असतं. “आपण फक्त या एका वेळेपुरतं पेनड्राइव्हचं नाव वर आणायचं. एचपीला एफ-नऊ, डेल-लेनोवोला बहुधा एफ-बारा. बटण दाबल्या दाबल्या ती कळ टिचकत राहायची.”

“मंग मी माह्या पेनड्राइव्हात शिनेमे ठेवले हायेत, त्यावरून नाही होणार?”

“नाही. त्या प्रोग्रामला ठरलेल्या जागी ठरलेली खूण लागते. जुनी मशीनं ड्राइव्हचे पहिले पाचशे बारा बाइट वाचायची आणि त्यातल्या शेवटच्या दोन बाइटांत ठरावीक खूण सापडली तरच पुढे जायची. आताची फॅट-३२ पद्धतीचा भाग शोधतात आणि त्यात ईएफआय नावाच्या फोल्डरमधली फाइल उघडतात. म्हणून डाउनलोड केलेली आयएसओ फाइल नुसती कॉपी करून भागत नाही. ती रूफस किंवा एचरसारख्या साधनाने लिहावी लागते, आणि लिहिताना ड्राइव्हवर आधीचं जे असेल ते पुसलं जातं. तुमचे सिनेमे गेलेच समजा. मी व्हेंटॉय वापरते. ते एकदा बसवलं की त्यावर हव्या तेवढ्या आयएसओ नुसत्या टाकता येतात.”

मामा काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे मले नवं नाही. मी मेहकरले कम्प्युटर शिकलो तवा मशीनीत हार्ड डिस्कच नव्हती. सर मोठी लवचिक फ्लॉपी घालत, तिच्यातून डॉस सुरू होये. फ्लॉपी सरच्या कपाटात. सर नाही आले तं कम्प्युटर म्हंजे नुसता डबा.”

“बघा! म्हणजे तुम्हीच मला शिकवायला हवं होतं.”

“तेच तं सांगून राहिलो. फ्लॉपीवाला माणूस आला नाही की डबा. तू सुट्टीवर आली म्हणून आज हे होऊन राहिलं. सोमवारी तू जाशीन.”

तो सगळा दिवस या एका वाक्याभोवती फिरला. भाचीचं म्हणणं असं की मशीन ज्याचं, त्याला त्याच्या आत बघण्याचा हक्क आहे. विंडोज रुसली म्हणून डिस्क मेली असं होत नाही, आणि मेकॅनिक ‘फॉरमॅट’ म्हणतो तेव्हा तो आपला वेळ वाचवत असतो, आपले कागद वाचवत नसतो. मामांचं म्हणणं असं की हक्क कागदावर कितीही असो, उद्या सकाळी बाकड्यावर बसलेल्या माणसाला उत्तर देणारं कुणी असेल तरच त्या हक्काला अर्थ. मला दोघंही पटत होते, आणि तेच अवघड होतं.

लॅपटॉप तीनेक मिनिटांत सुरू झाला. विंडोजऐवजी लिनक्स मिंट या दुसऱ्या व्यवस्थेचा पडदा आला. मामांना वाटलं जुनं सगळं पुसलं गेलं. भाचीने समजावलं की हे सगळं मेमरीत चाललंय, आतल्या डिस्कला अजून कुणी शिवलेलंही नाही. पेनड्राइव्ह काढून मशीन बंद केलं की इथे काही झालं होतं याची खूणही राहणार नाही. मग तिने डिस्क उघडली, पण फक्त वाचण्यापुरती. विंडोज धड बंद झालेली नसली की डिस्कवरच्या नोंदी अर्धवट असतात, त्यावर लिहायला गेलं तर आहे ते बिघडतं. “आधी बाहेर काढायचं. दुरुस्ती नंतर,” ती म्हणाली. फायली होत्या, सगळ्या. तिने बाहेरची हार्ड डिस्क लावून सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर आधी घेतलं. ही शिस्त मला फार आवडली. आजारी डिस्क किती वेळ साथ देईल ते सांगता येत नाही, त्यामुळे जे गमावून चालणार नाही ते पहिल्यांदा.

मामांनी एक प्रतिज्ञापत्राचा मसुदा उघडायला सांगितला. पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस-स्वल्पविरामांचा सडा पडला.

“खाल्ली माही मराठी तुह्या पेनड्राइव्हानं!”

गोष्ट साधी आहे, पण मराठी कार्यालयांत अजून ती रोज कुणाला तरी रडवते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे. तरी आपल्याकडे वर्षानुवर्षं टंकलेखन झालं ते श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा व्यवस्थांत, आणि त्यांच्या जुन्या फॉन्टांत साठवलेला संकेत युनिकोडचा नव्हे. कृतिदेवमध्ये तर फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांच्यावर देवनागरीचे आकार चढवलेले असतात एवढंच. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल नेली की आकार उतरतात आणि खालचं उघडं पडतं. भाचीने डिस्कवरच्या विंडोज फोल्डरमधून तो फॉन्ट शोधून या तात्पुरत्या लिनक्समध्ये आणला आणि मसुदा पुन्हा मराठीत दिसू लागला. मामा मान हलवत बघत राहिले. दहा वर्षं जपलेले आपले मराठी कागद एका फॉन्टच्या आधारावर उभे आहेत, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मीही.

आता भाचीने तिच्या मनातलं काढलं. “मामा, विंडोज दहाचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नाव नोंदवलं तर ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, पुढे ते पण नाही. अकरा या मशीनला चालत नाही. तिला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच. हा पाचव्या पिढीचा आहे. म्हणजे कंपनीच्या हिशेबात हा भंगार. पण तुमच्यासमोर चालतोय ना? मेमरी चार जीबी आहे, आठ करू, एक एसएसडी घालू, याच्यावर लिनक्सच बसवून टाकू. भंगारवाल्याला कशाला द्यायचा?”

“अंगठ्याचं मशीन चालीन त्यावर?”

भाची थांबली. अंगठ्याचा ठसा घेणारं ते छोटं यंत्र तिने जोडून पाहिलं. लिनक्सला काहीतरी जोडलंय एवढं कळलं, पण पोर्टलला जे लागतं ते कंपनीचं सॉफ्टवेअर मामांकडे फक्त विंडोजचं होतं. डिजिटल सहीच्या डोंगलचीही तीच गत झाली.

“पाह्य,” मामा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, थकवा होता. “म्हातारी बाई रिसोडच्या इकडून एसटीनं येते. तिले मी सांगू का, माय, तुहा अंगठा चालत नाही, पन माही मशीन स्वतंत्र हाय?”

“मामा, केरळच्या सरकारी शाळा किती वर्षं लिनक्सवर चालतात. आपल्या सी-डॅकने २००७मध्ये ‘बॉस’ नावाचं लिनक्स काढलं, त्यात मराठी आहे. लोकांनी मागितलंच नाही तर कंपन्या लिनक्ससाठी ड्रायव्हर कशाला बनवतील?”

“केरळानं मास्तर शिकवले ना वं आधी! शाळेशाळेत विचाराले माणूस हाय तिथं. आपल्याकडं २००१पासून एमएस-सीआयटी केली पोरायनं. त्यातल्या कितीजणायले तू आत्ता केलं ते येते? मले एक माणूस दाखव सुलतानपुरात, मी उद्या लिनक्स टाकतो.”

इथे मी मामांच्या बाजूचा होतो. नव्या व्यवस्थेचे गुण सांगणारे बहुतेक वेळा ती बसवून निघून जातात, आणि मागे राहतो तो माणूस ज्याला रोज सकाळी शटर उघडायचं असतं. भाचीही हे समजून घेत होती, म्हणून तिने ‘केंद्राचं काम विंडोजवर, जुना लॅपटॉप टायपिंग आणि स्कॅनला लिनक्सवर’ अशी तडजोड सुचवली. मामांनी ती ऐकून घेतली, ना हो म्हणाले ना नाही. वाद तिथे मिटला असता तर मी उठलोही असतो.

पण कॉपी होत असलेल्या फोल्डरांची नावं पडद्यावरून सरकत होती, आणि त्यांतल्या एका नावावर मामांची नजर अडकली. ‘आधार स्कॅन’. शेजारी पासबुकं, जातीचे दाखले, विधवा निवृत्तिवेतनाचे अर्ज. आत गावंच्या गावं होती.

“तुले पासवर्ड कोणी देल्ला?” मामांनी विचारलं.

“कसला?”

“विंडोजचा. माह्या लॅपटॉपले पासवर्ड हाय. तू तं टाकलाच नाही.”

मग भाचीने जे सांगितलं त्याने दुकानातली हवाच बदलली. विंडोजचा पासवर्ड हा विंडोजच्या दारावरचा रखवालदार आहे. विंडोज सुरूच झाली नाही तर तो जागा कशाला होईल? पेनड्राइव्हवरून दुसरीच व्यवस्था सुरू केली की ती थेट डिस्कपाशी जाते, आणि डिस्क कुलूपबंद नसेल तर सगळं उघडं. यात तिने काही फोडलं नव्हतं. फोडायला काही नव्हतंच.

मामांनी पडदा अर्धा खाली केला, बाकड्यावरून कुणाला दिसू नये म्हणून. “म्हंजे कोणीबी? मेकॅनिक? रात्री शटर उचकून नेलं तं तो चोर?”

“कुणीही. दहा मिनिटांत.”

“आनि तू मले सकाळपासून सांगून राहिली की हे लई चांगली गोष्ट हाय.”

ती निरुत्तर झाली. मला वाटतं, सकाळपासून पहिल्यांदा तिने आपल्या हातातल्या वस्तूकडे मामांच्या खुर्चीतून पाहिलं. आपले कागद वाचवणारी सोय आणि परक्याला कागद दाखवणारी सोय या दोन नव्हेतच, ती एकच आहे. मशीन आपल्या मालकाला ओळखत नाही, समोर पेनड्राइव्ह घेऊन कोण बसलंय याची त्याला पर्वा नाही.

थोड्या वेळाने ती सावकाश बोलू लागली. “मामा, दोन गोष्टी. एक, हे स्कॅन इतकी वर्षं ठेवायचेच कशाला? काम झालं की पुसायचे. २०२३चा वैयक्तिक डेटाचा कायदाही तेच सांगतो, गरज संपली की ठेवू नका.”

“लोकं परत येते. ‘मामा, मागच्या वर्षीचा कागद असंल ना तुमच्यापाशी?’ त्यायच्या घरी कौलातून पाणी गळते, कागद इथंच राहते. मी पुसले तं त्यायनं कुठं जावं?”

याला तिच्यापाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशीही नाही. कायदा ज्याला साठेबाजी म्हणेल त्याला फाट्यावर उपकार म्हणतात, आणि दोन्ही खरं आहे. तरी पुसता येण्यासारखं पुष्कळ होतं : गावं सोडून गेलेली माणसं, वारलेली माणसं, चारचार वेळा झालेले तेच स्कॅन. मामा तेवढ्याला तयार झाले. मला तेवढंही पुष्कळ वाटतं.

“आणि दुसरी?”

“दुसरी म्हणजे डिस्कलाच कुलूप. डिस्कवर जे आहे ते सांकेतिक करून ठेवायचं. मग पेनड्राइव्हवरून कुणी आलं तरी त्याला नुसता कचरा दिसेल.”

“तुलेबी?”

“मलाही. किल्ली नसेल तर कुणालाच नाही. आज जे वाचलं ते मग वाचलं नसतं.”

मामा हसले, सकाळपासून पहिल्यांदाच. “म्हंजे कुलूप लावलं तं आपन बाहेर, नाही लावलं तं चोर आत.”

भाचीला काहीतरी सुचलं. ती उठली आणि नव्या लॅपटॉपकडे गेली. तो गेल्या वर्षीचा, विंडोज अकराचा, दुकानदाराच्या पोराने दुकानातच ‘सेटिंग’ करून दिलेला. तिने पेनड्राइव्ह त्याला लावला, एफ-बारा टिचकली. मिंट सुरू झालं. डिस्कच्या चिन्हावर तिने टिचकी मारली आणि पडद्याने किल्ली मागितली.

“हा आधीच कुलूपबंद आहे, मामा. हल्लीच्या कितीतरी लॅपटॉपांवर विंडोज अकरा मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सुरू केली की डिस्कला आपोआप कुलूप बसतं. विचारतही नाही.”

“चांगलं हाय मंग.”

“किल्ली कुठे आहे?”

“कोणती किल्ली?”

“अठ्ठेचाळीस आकड्यांची. ज्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात ती जाऊन बसते. खातं कुणाचं आहे?”

मामांनी आठवून पाहिलं. त्या पोराने फोनवर काहीतरी केलं होतं. ईमेल कोणता टाकला, मामांना ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त चार आकड्यांचा पिन घेतला होता आणि वर्षभर त्यावर काम चाललं होतं. मी त्यांचा चेहरा बघत होतो. जुन्या लॅपटॉपात कागद होते आणि दार उघडं होतं. नव्यात दार बंद होतं आणि किल्ली परक्या खात्यात. उद्या या मशीनची विंडोज अशीच बसली, किंवा कुणी न कळत सिक्युअर बूटचं सेटिंग बदललं आणि सुरू होताना त्याने ते अठ्ठेचाळीस आकडे मागितले, तर मामा आणि चोर एकाच जागी उभे.

सकाळपासून दोघं परस्परांना जे सांगत होते ते या एका मशीनवर येऊन भेटलं. भाची म्हणत होती मशीन तुमचं आहे, आणि ते त्यांचं नव्हतं. मामा म्हणत होते उत्तर द्यायला माणूस पाहिजे, आणि तो माणूस त्यांना स्वतःलाच व्हायचं होतं, आजच, विंडोज धड चालू आहे तोवर.

भाचीने पेनड्राइव्ह काढला, मशीन नेहमीसारखं सुरू केलं, मामांनी पिन टाकला. तिने कमांडची काळी खिडकी उघडली, एक ओळ लिहिली, आणि पडद्यावर किल्ली आली : सहा-सहा आकड्यांचे आठ गट, मध्ये आडव्या रेघा.

“फोटो काढते.”

“थांब,” मामा म्हणाले. “फोनात नको. फोन हरपते.” त्यांनी टेबलाच्या खालच्या खणातून कापडी बांधणीची एक वही काढली. विहिरीच्या पाळ्या त्यांच्या वडिलांनी त्यात लिहिलेल्या होत्या, कोणत्या वारी कुणी पाणी घ्यायचं ते. मागची पानं कोरी होती. चष्मा लावून, पडद्याकडे बघत, त्यांनी स्वतःच्या हाताने आठही गट देवनागरी आकड्यांत उतरवले. मी आणि बाकड्यावरची मंडळी तोंड वळवून बसलो.

“आता तपासायचं,” भाची म्हणाली. “यात एक खुबी आहे. प्रत्येक गटाला अकराने पूर्ण भाग जातो. नाही गेला तर लिहिताना चुकलंय.”

मामा हिशेबाचे पक्के. कॅल्क्युलेटर बाजूला सारून त्यांनी रद्द अर्जाच्या मागे भागाकार मांडायला सुरुवात केली, भाचीने आधी जिथे मदरबोर्ड काढला होता त्याच कागदावर, त्याच्या खाली. पहिला गट गेला. दुसरा गेला. तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्याला बाकी उरली. त्यांनी पुन्हा भागलं, पुन्हा उरली. मग वही पडद्याशेजारी धरली आणि एकेक आकडा बोटाने पाहिला. पडद्यावर इंग्रजी नऊ होता. तो मराठी एकासारखा दिसतो, आणि हाताने तसाच उतरवला होता.

मामांनी १ खोडून ९ केला आणि पुन्हा भागलं. बाकी शून्य.